नवीन सील, तीच गळती: ॲम्बेसेडरच्या इंजिनाचं पुढचं तोंड उघडताना

गाडी 1978 सालची ॲम्बेसेडर मार्क थ्री, पेट्रोल, पुण्यातली. तक्रार अशी की सहा महिन्यांत टायमिंग कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या पुढच्या साखळीवरच्या पत्र्याच्या झाकणाचं, ऑइल सील दोनदा बदललं, तरी रात्रभर उभ्या गाडीखाली सकाळी तळहाताएवढा काळा डाग असतोच. शिवाय थंड इंजिन चालू करताना पुढून साखळीचा खुळखुळाट येतो आणि आठ-दहा दिवसांनी रेडिएटरमध्ये पाणी घालावं लागतं. दोन्ही वेळा सील बदलणाऱ्याने सीलच्या दर्जाला दोष दिला. तिसऱ्या वेळी इंजिनाचं पुढचं तोंड पूर्ण उघडून काम केलं, त्याची ही नोंद.

आधी इंजिनाची ओळख, कारण सुटे भाग शोधताना ती लागते. ॲम्बेसेडर ही मूळची मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्री. हिंदुस्थान मोटर्सने ती पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात 2014 पर्यंत बनवली. या गाडीतलं इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी सिरीज’ घराण्यातलं: चार सिलिंडर, 1489 सीसी, बोअर (सिलिंडरचा व्यास) 73.025 मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनचा प्रवास) 88.9 मिलिमीटर, आणि क्रँक, म्हणजे पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा, तोलणारी तीन मेन बेअरिंगं. एमजीए 1500 या इंग्लिश स्पोर्ट्स कारमध्येही हेच घराणं होतं. म्हणून पुण्याच्या नाना पेठेत किंवा कोलकात्याच्या मल्लिक बाजारात एखादा भाग मिळाला नाही, तर एमजीचे भाग विकणाऱ्या परदेशी दुकानांकडे विचारायला हरकत नाही. मागवण्याआधी जुन्या भागाचं माप मात्र व्हर्नियरने घ्यायचंच.

गळती नेमकी कुठून

पंखा वारा मागे फेकतो, त्याबरोबर तेलही मागे उडतं. पाच मिनिटांत सगळा पुढचा भाग माखतो आणि उगम दिसेनासा होतो. रॉकर कव्हरच्या पॅकिंगमधून उतरलेला ओघळही टायमिंग कव्हरवरूनच खाली येतो आणि सीलची गळती वाटतो. त्यामुळे पाना हातात घेण्याआधी पुढचा भाग डिझेलने धुऊन, फडक्याने कोरडा करून, त्यावर टाल्कम पावडर शिंपडली. इंजिन पंधरा मिनिटं चालवून बंद केलं. पावडरवर तेलाची वाट स्पष्ट उमटते.

या गाडीत तीन वाटा उमटल्या. सर्वांत ठळक ओल क्रँक पुलीच्या मागे, सीलच्या जागी. दुसरी कव्हरच्या खालच्या कडेला, दोन बोल्टांच्या मध्ये. तिसरी वाट पाण्याची: वॉटर पंपाच्या अंगाला खाली जे बारीक भोक असतं, तिथून गंजाचा तांबूस ओघळ. हे भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता बाहेर यावं, एवढ्यासाठी. कोणीतरी ते एम-सील लावून बुजवायचा प्रयत्न केला होता. बुजवलं तर पाणी बेअरिंगमध्ये जातं आणि पंप एक दिवस पंख्यासकट जाम होतो किंवा पंखा रेडिएटरवर जाऊन आदळतो.

उघडण्याआधी आणखी एक गोष्ट तपासली, आणि दोन्ही जुन्या दुरुस्त्यांमध्ये तीच सुटली होती. इंजिन संथ चालू ठेवून तेल भरायचं झाकण काढलं आणि तोंडावर हलका कागद धरला. कागद थडथड उडत होता. पिस्टन रिंगांजवळून थोडा वायू नेहमीच खाली क्रँककेसमध्ये उतरतो. त्याला बाहेर पडायला बाजूच्या टॅपेट कव्हरवरून खाली जाणारी ब्रीदर नळी असते आणि रॉकर कव्हरवरून एअर क्लीनरकडे जाणारी दुसरी. या गाडीची टॅपेट कव्हरची नळी काळ्या चिकट गाळाने अर्ध्याहून अधिक बुजली होती. आतला दाब मग सर्वांत कमजोर वाटेने बाहेर पडतो, आणि ती वाट म्हणजे सीलचा ओठ. नळी काढून रॉकेलमध्ये रात्रभर बुडवली आणि तारेला चिंधी बांधून साफ केली. ती परत लावल्यावर कागद नुसता थरथरत राहिला. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरांत जवळजवळ सारखं आलं, म्हणजे रिंगा ठीक. ते खाली आलं असतं तर सील बदलण्यात काही अर्थ नव्हता.

उतरवणी

बॅटरीची एक तार काढली. पाणी रेडिएटरच्या आणि ब्लॉकच्या बाजूच्या तोटीतून सोडलं. ब्लॉकची तोटी उघडूनही पाणी येत नसेल, तर आत गाळ बसलेला असतो. तार घालून मोकळा करावा, नाहीतर पंप काढताना उरलेलं पाणी सगळं अंगावर येतं. रेडिएटर काढला. तो ठेवूनही काम होतं असं काही जण म्हणतात, पण मग हात तिरके चालतात आणि जाळीच्या पाती वाकतात. त्याचे बोल्ट थोडेच असतात, काढून बाजूला ठेवावा. पंखा, पट्टा आणि डायनामो उतरवला.

या गाडीचे बोल्ट इंची मापाचे आहेत, हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. कव्हरच्या पाव इंची बोल्टांना 7/16 चा पाना लागतो आणि 5/16 च्या बोल्टांना 1/2 इंचाचा. 1/2 इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर. तिथे 13 चा पाना लावला की तो बसल्यासारखा वाटतो आणि जोर दिला की कोपरे खातो. या इंजिनावरचे चार बोल्ट असेच गोल झालेले मिळाले.

पुलीचा मोठा डॉग नट, म्हणजे इंजिन हाताने फिरवायचं हँडल ज्यात अडकतं तो, काढायला गाडी शेवटच्या गिअरमध्ये घातली आणि एकाला ब्रेकवर पाय दाबून बसवलं. आधी लॉक वायसरचा दुमडलेला कान छिन्नीने सरळ करायचा. आटे सरळ आहेत, समोरून पाहताना डावीकडे सुटतो. लांब टॉमीने ओढत बसण्यापेक्षा जाड पान्याच्या शेपटीवर हातोड्याचा एक नेमका ठोका जास्त काम करतो. पुली मागून दोन लोखंडी पट्ट्यांनी समान रेटून काढावी. एकाच बाजूने रेटली तर पत्र्याची पुली वाकते आणि पुढे पट्टा डुलतो.

आत काय सापडलं

पुली हातात आली तेव्हाच मुख्य कारण दिसलं. पुलीच्या ज्या गोल मानेवर सीलचा ओठ घासतो, तिथे सभोवार खाच पडली होती. नख फिरवलं की अडकत होतं. पंचेचाळीस वर्षं रबर आणि धूळ मिळून लोखंड खातात. नवीन सीलचा ओठ बरोबर त्याच खाचेत जाऊन बसतो, आणि खाचेच्या तळाशी त्याची पकड सुटते. दोन्ही वेळा सील चांगलं होतं. ते खराब मानेवर बसवलं गेलं, म्हणून काही शे किलोमीटरमध्ये पुन्हा ओल.

कव्हर काढल्यावर ऑइल थ्रोअर उलटा बसवलेला निघाला. थ्रोअर ही क्रँकवर पुलीच्या मागे बसणारी पातळ चकती. फिरताना ती तेल बाजूला उडवते, म्हणजे सीलपर्यंत नुसता ओलावा पोहोचतो. तिच्यावर इंग्रजी ‘एफ’ अक्षर असेल तर ते तोंड पुढे, गाडीच्या नाकाकडे. अक्षर नसलेल्या जुन्या चकतीची खोलगट बाजू पुढे. बी सिरीजमध्ये आधी फेल्टचं सील होतं, नंतर रबरी ओठाचं आलं, आणि त्याबरोबर कव्हर आणि थ्रोअरही बदलले. एका काळचं कव्हर आणि दुसऱ्या काळचा थ्रोअर एकत्र चालत नाही. भंगारातून कव्हर आणताना जोडीने आणावं.

कव्हरची कड सपाट काचेवर ठेवली तर प्रत्येक बोल्टाच्या भोकाभोवती पत्रा आत दबलेला. गळू नये म्हणून कोणी बोल्ट आवळत गेलं, आणि आवळल्यामुळेच भोकाजवळ पत्रा खाली गेला व दोन बोल्टांच्या मध्ये वर उचलला. दुसरी ओल तिथूनच होती. कव्हर लोखंडी ठोकळ्यावर ठेवून गोल तोंडाच्या छोट्या हातोडीने भोकांच्या कडा मागून हलके ठोकत सपाट केल्या. काचेवर पुन्हा ठेवून, खालून फीलर गेजचं (फट मोजायच्या साधनाचं) पातळ पान घालून तपासलं. दहा मिनिटांचं काम, पण सगळ्यात जास्त टाळलं जाणारं.

साखळी आणि टेन्शनर

क्रँकवरून कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, फिरवणारी साखळी दुपदरी आहे आणि तिच्यावर तेलाच्या दाबाने पुढे सरकणारा टेन्शनर दाब ठेवतो. सुरू करताना तेलाचा दाब यायला दोन-तीन सेकंद लागतात, तेवढा खुळखुळाट चालतो. इथे तो त्याहून लांबत होता. टेन्शनरच्या रबरी डोक्यावर साखळीच्या दोन खोल चरा पडल्या होत्या.

टेन्शनर काढण्याआधी डोकं आत ओढून अडकवावं लागतं. त्याच्या बुडाचा प्लग लॉक सोडून काढायचा, आत 1/8 इंची ॲलन की घालायची आणि उजवीकडे फिरवायचं. डोकं मागे जाऊन खुंटीमागे अडकतं. ते तसं न करता बोल्ट सोडले तर स्प्रिंग डोक्यासकट उडते आणि गॅरेजच्या कोपऱ्यात शोधत बसावं लागतं. टेन्शनरच्या सिलिंडरचं तोंड अंडाकृती झालं आहे का ते मोजलं. 0.08 मिलिमीटरच्या वर फरक असेल तर डोकं बदलून भागत नाही, पूर्ण टेन्शनर नवा. इथे फरक वर होता, म्हणून अख्खा बदलला. नवा बसवण्याआधी तेल येण्याचं भोक आणि मागच्या पट्टीतलं बारीक भोक हवा मारून मोकळं केलं. आदल्या दुरुस्तीतल्या सिलिकॉनचा एक रबरासारखा तुकडा तेलाच्या वाटेजवळ सापडला. पॅकिंगवर नळीभर सिलिकॉन पिळायची सवय इथे महागात पडते: आतल्या बाजूला आलेली दोरी तुटून खालच्या तेलाच्या चेंबरमध्ये जाते, मग ऑइल पंपाच्या जाळीवर.

दोन्ही गिअर साखळीसकट एकदम काढले. क्रँकच्या गिअरमागे पातळ वायसर असतात, ते मोजून एका डबीत ठेवले. क्रँकचा आणि कॅमचा गिअर एका रेषेत राहावेत म्हणून ते घातलेले असतात. एखादं विसरलं तर साखळी तिरकी चालते आणि एका बाजूने झिजते. गिअर बदलले असतील तर कॅम गिअरच्या दातांवर सरळ पट्टी आडवी धरून क्रँक गिअरपर्यंतची फट फीलर गेजने मोजावी, त्यातून 0.13 मिलिमीटर वजा करावे, उरेल तेवढ्या जाडीचे वायसर घालावेत. इथे जुने गिअर चांगले निघाले, पण तरी मोजून पाहिलं.

बसवताना क्रँकची चावी (गिअर दांड्यावर घसरू नये म्हणून खाचेत बसवलेला लोखंडी तुकडा) बरोबर वर, घड्याळातल्या बारावर. कॅमची चावी समोरून पाहताना साधारण एकावर. गिअरांवरचे दोन टिंब समोरासमोर आणून नवी साखळी चढवायची आणि दोन्ही गिअर तसेच धरून एकदम सरकवायचे. कॅमचा नट 88 न्यूटन मीटर, म्हणजे 65 फूट-पौंड. लॉक वायसर नवा, कान दुमडलेला. मग टेन्शनर लावून, पुन्हा ॲलन की उजवीकडे फिरवून डोकं सोडलं. स्प्रिंगच्या जोरावर ते आपोआप साखळीला टेकतं. ते बोटाने किंवा स्क्रू ड्रायव्हरने साखळीवर दाबायचं नाही, आणि की डावीकडे कधीच फिरवायची नाही.

कव्हर लावण्याआधी इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवलं. क्रँकचे दोन फेरे म्हणजे कॅमचा एक, त्यामुळे टिंबं पुन्हा समोरासमोर यायला हवीत. आली. एक दात चुकला असता तर इथेच कळलं असतं. रेडिएटर, पंखा, पाणी सगळं लावून झाल्यावर कळण्यापेक्षा बरं.

पुलीची मान

खाच पडलेल्या मानेचं काय करायचं याचे तीन रस्ते आहेत. दुसरी पुली आणणं, पण बाजारात मिळणारी पुली जुन्याच गाडीची असते आणि तिच्यावरही खाच असते. मानेवर पातळ स्टेनलेस स्टीलची तयार बाही चढवणं. ती केसाएवढी पातळ असल्याने सीलचं माप बदलावं लागत नाही, फक्त नेमक्या व्यासाची मिळायला हवी. किंवा लेथवर मान थोडी उतरवून त्यावर कडं दाबून बसवणं.

इथे योग्य मापाची बाही मिळाली नाही, म्हणून लेथचा रस्ता घेतला. आतल्या चावीच्या खाचेजवळ भिंत पुरेशी जाड उरते याची आधी खात्री केली. माइल्ड स्टीलचं कडं किंचित घट्ट मापाचं करून, तापवून चढवलं आणि मग मूळ व्यासावर आणलं. शेवटचा हात फार महत्त्वाचा. लेथचं हत्यार सरकत सरकत कापतं, त्यामुळे पृष्ठभागावर स्क्रूसारखी अतिशय बारीक चक्री रेघ राहते. डोळ्यांना ती गुळगुळीत दिसते, पण पुली फिरली की तीच रेघ तेल सीलखालून बाहेर ओढते. म्हणून शेवटी पुली लेथवर फिरत असताना बारीक पॉलिश पेपर आडवा न सरकवता एकाच जागी धरून रेघा सरळ गोल करून घेतल्या. लेथवाल्याला हे सांगावं लागतं, नाहीतर तो चकचकीत करून देतो आणि गळती तशीच राहते.

जिथे एवढं करणं शक्य नाही, तिथे सील कव्हरमध्ये दीड-दोन मिलिमीटर पुढे किंवा मागे बसवून ओठ नव्या जागी आणता येतो. तात्पुरता उपाय म्हणून तो वाईट नाही.

कव्हर मध्यावर आणणं

पत्र्याच्या कव्हरच्या भोकांत ढिलाई असते. आधी कव्हर आवळून मग पुली ठोकली, तर सील क्रँकच्या मध्यावर नसतं: एका बाजूला ओठ दबतो, दुसऱ्या बाजूला उघडा राहतो. जुन्या दुरुस्तीत हेही झालं असावं, कारण काढलेल्या सीलचा ओठ एकीकडे चकाकत होता आणि दुसरीकडे जवळपास कोरा.

म्हणून क्रम उलटा. सीलच्या दोन ओठांमधल्या फटीत ग्रीस भरलं. पुलीच्या मानेला तेल लावून ती कव्हर सावकाश फिरवत सीलमध्ये घातली, म्हणजे ओठ उलटत नाही. पॅकिंगला कव्हरच्या बाजूने शेलॅकचा (लाखेच्या द्रावणाचा) पातळ हात, इंजिनाच्या बाजूने नुसतं ग्रीस. मग कव्हर आणि पुली दोन्ही मिळून क्रँकवर सरकवली, चावी खाचेत बसली, आणि पुलीने कव्हर आपोआप मध्यावर आलं. तेव्हा कुठे बोल्ट, तेही तिरके आलटून पालटून. पाव इंची बोल्टांना फक्त 8 न्यूटन मीटर, म्हणजे 6 फूट-पौंड. 5/16 च्यांना 19. छोट्या पान्याला तीन बोटांनी जेवढा जोर येतो तेवढाच.

चावीच्या खाचेतूनही तेल पुलीच्या आतून पुढे नटाखाली येतं आणि सीलची गळती वाटते. तिथे आणि वायसरखाली सीलंटचा अगदी पातळ हात दिला. डॉग नट 95 न्यूटन मीटर, म्हणजे 70 फूट-पौंड, लॉक वायसर नवाच. जुना कान एकदा सरळ करून पुन्हा दुमडला की तुटतो, नट ढिला होतो आणि पुली चावी खाते.

पाणी आणि पट्टा

पंप पूर्ण नवा घातला. तो उतरवताना बोल्ट ज्या जागेचे त्या क्रमाने पुठ्ठ्यात टोचून ठेवले, कारण त्यांची लांबी सारखी नसते. लांब बोल्ट चुकीच्या भोकात गेला तर तळाला टेकतो आणि पंप आवळला गेल्यासारखा वाटतो. जुनं पॅकिंग ब्लॉकवरून खरवडताना धारदार छिन्नी नको, ब्लॉकवर ओरखडा पडतो. 23 न्यूटन मीटरवर आवळलं.

जुना पंप का गेला याचं उत्तर पट्ट्यात होतं. डायनामो कमी चार्ज करतो म्हणून पट्टा तारेसारखा ताणलेला होता आणि त्या ताणाने पंपाचं बेअरिंग एका बाजूने खाल्लं गेलं. पट्ट्याच्या सर्वांत लांब पदरावर मध्यभागी अंगठ्याने दाबल्यावर 13 मिलिमीटर खाली जावा, एवढाच ताण. चार्जिंगचा दोष डायनामोच्या ब्रशमध्ये निघाला.

इग्निशन

नव्या साखळीनंतर चिंगारीचं टायमिंग पाहिलं नाही तर गाडी चढावर टकटक करते. साखळी लांबली की कॅम मागे पडतो, आणि डिस्ट्रिब्यूटर (स्पार्क प्लगांना वीज वाटणारा भाग) कॅमवरूनच चालतो, म्हणून तोही मागे पडतो. गाडीचा दम कमी होतो, मग कोणीतरी डिस्ट्रिब्यूटर फिरवून टायमिंग पुढे आणतं. नवी साखळी कॅम मूळ जागी आणते आणि ती जास्तीची आगाऊ चिंगारी तशीच राहते. इथेही तेच झालं होतं. डिस्ट्रिब्यूटरमधल्या पॉइंटची फट 0.38 मिलिमीटर केली आणि टायमिंग पुन्हा लावलं. टॅपेटची (व्हॉल्व्हची) फटही 0.38 वर तपासली.

पाचशे किलोमीटर

नवं तेल 20W-50, नवा फिल्टर. पहिल्या चालवण्यानंतर गरम इंजिनावर कव्हरचे बोल्ट पुन्हा आवळायचे नाहीत. थंड झाल्यावर एकदा हलकेच पाहायचे. पाचशे किलोमीटरनंतर पुढचा भाग पुन्हा धुऊन पावडर टाकून तपासला. पुलीमागे कोरडं, कव्हरच्या कडेला कोरडं, पंपाचं भोक कोरडं.

उरले ते मागच्या बाजूचे दोन-चार थेंब, क्लच हाउसिंगच्या बुडाच्या भोकातून. तीन बेअरिंगच्या बी सिरीजला मागे ओठाचं सील नाहीच. क्रँकवर कापलेली उलट चक्री खाच तेल परत आत ढकलते, आणि गाडी तिरकी उभी राहिली की थोडं सुटतं. त्या भोकात लोंबणारी स्प्लिट पिन भोक बुजू नये म्हणूनच असते. ती काढून टाकू नये, आणि भोक बंद तर करूच नये, नाहीतर तेच तेल क्लच प्लेटवर जातं.